स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप: मराठवाड्यातून जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

आम्ही परभणीचे. समुद्र म्हणजे आमच्यासाठी शाळेच्या सहलीतला एक दिवस, तोही ओल्या चपला हातात धरून घाईघाईत पाहिलेला. अंदमानातली ही दोन बेटं आम्ही घरच्या पाच जणांसह सावकाश पाहिली. परत आल्यापासून नात्यातल्या आणि ओळखीतल्या लोकांचे फोन येतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत.

हॅवलॉक आणि नील म्हणजेच स्वराज आणि शहीद का? तिकिटावर कोणतं नाव शोधायचं?

हो, तीच. ३० डिसेंबर २०१८ रोजी हॅवलॉकचं नाव स्वराज द्वीप झालं आणि नीलचं शहीद द्वीप. १९४३ साली त्याच तारखेला नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला होता, आणि अंदमान-निकोबारसाठी त्यांनी सुचवलेली नावंही शहीद आणि स्वराज हीच होती. जुनी नावं १८५७ चा उठाव मोडून काढणाऱ्या इंग्रज सेनाधिकाऱ्यांची. त्यातला हॅवलॉक कानपूरला नानासाहेब पेशव्यांच्या फौजेशी लढला होता. नील उत्तर भारतात गावोगाव लोकांना फासावर चढवण्यासाठी कुप्रसिद्ध होता. हे कळल्यापासून मी तरी नवीच नावं वापरतो.

तिथले रिक्षावाले, बोटीचे कर्मचारी आणि हॉटेलवाले अजूनही जुनी नावं सर्रास घेतात. तिकीट काढताना दोन्ही नावं टाकून पाहा. पोर्ट ब्लेअरही २०२४ पासून श्री विजय पुरम झालं आहे, त्यामुळे विमानाच्या तिकिटावर दोन्हीपैकी कोणतंही नाव दिसलं तरी गोंधळू नका.

दोन्हीकडे समुद्र आणि वाळूच. मग एकच बेट केलं तर पैसे वाचणार नाहीत का?

वाचतील. पण हा प्रश्न जो विचारतो त्याला मी आधी दहा मिनिटं बसवून घेतो.

स्वराज मोठं आहे, ९० चौरस किलोमीटरच्या थोडं वर, आणि त्यातला मोठा भाग दाट जंगल. जेट्टीवरून राधानगर किनाऱ्याकडे निघालात की बारा किलोमीटरच्या रस्त्यावर सुपारीच्या बागा, मग डोक्यावर कमान धरणारी उंच झाडं, आणि शेवटी जंगल संपतं तिथे एकदम पांढरी वाळू. 'टाइम' नियतकालिकानं २००४ मध्ये या किनाऱ्याला आशियातला सर्वोत्तम म्हटलं होतं, आणि २०२० मध्ये त्याला 'ब्लू फ्लॅग' हे स्वच्छ किनाऱ्यांना दिलं जाणारं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं. स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं), कयाक (वल्ह्याची छोटी नाव), रेस्टॉरंट, चांगली हॉटेलं, सगळं याच बेटावर. गर्दीही इथेच.

शहीद द्वीप त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढं, चौदा चौरस किलोमीटरच्या आसपास. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला सायकलवर आरामात जाता येतं. आणि हे शेतीचं बेट आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारनं अंदमानात जमिनी देऊन वसवलं, त्यातली बरीच या दोन बेटांवर आली. शहीदची जमीन सपाट, त्यामुळे इथे भात आणि भाजीपाला पिकतो. अंदमानची भाजीची टोपली असंच या बेटाला म्हणतात. रस्त्याच्या एका बाजूला वांग्या-मिरच्यांचं वावर, कुंपणाला बांबू, मेढीला बांधलेली गाय, आणि दोनशे पावलांवर हिरवा-निळा समुद्र. आमच्या वडिलांनी आयुष्यभर जिरायती शेती केली. राधानगरला ते तासभर बसले आणि "छान आहे" म्हणाले. शहीदवर मात्र ते एका शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन उभे राहिले, तोडक्यामोडक्या हिंदीत माती, खत, बाजारभाव विचारत राहिले, आणि आम्ही त्यांना जेवायला बोलावून थकलो.

म्हणून माझं मत सरळ आहे. स्वराज पाहायला जा, शहीदवर राहायला जा. बहुतेक लोक शहीदला सकाळच्या बोटीनं येतात, तीन ठिकाणी फोटो काढतात आणि दुपारी निघतात. तसं जायचं असेल तर खरंच एकच बेट करा आणि पैसे वाचवा. दोन रात्री देणार असाल तरच शहीद घ्या.

कधी जावं?

दर मे महिन्यात आपण सगळे एका बातमीची वाट पाहतो: मान्सून अंदमानात दाखल. ती बातमी साधारण २० मेच्या आसपास येते. आपल्या आनंदाचा तो दिवस म्हणजे तिथल्या हंगामाचा शेवट. तिथून सप्टेंबरपर्यंत नैऋत्येचा पाऊस, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा, आणि मधूनच बंगालच्या उपसागरातली वादळं. वर्षाला तिथे सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडतो. मराठवाड्याची सरासरी ७०० च्या आसपास आहे, म्हणजे आपला चार वर्षांचा पाऊस तिथे एका वर्षात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, पाणी गढूळ होतं, आणि बोटी रद्द होतात.

डिसेंबर ते एप्रिल हा काळ चांगला. त्यातही फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्र शांत आणि पाण्याखालचं स्पष्ट दिसतं. शेतकरी घराला हे सोयीचंही पडतं: हरभरा निघालेला असतो, ज्वारीची काढणी उरकत आलेली असते. नाताळ ते नववर्ष टाळा. तेव्हा सगळंच महाग आणि राधानगरला पाय ठेवायला जागा शोधावी लागते. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना मी सांगतो की पाऊस लागू शकतो हे धरूनच चला. एप्रिलमध्ये लेकरांच्या परीक्षा संपल्यावर जाता येतं. तापमान तिशीच्या थोडं वर असतं, आपल्यासारखं बेचाळीस नसतं, पण घाम इतका येतो की आपला कोरडा उन्हाळा आठवेल.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसवा. अंदमान बरंच पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र आपलंच. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्याकडे तो मावळतो तेव्हा जवळपास सहा वाजलेले असतात. दुपारी जेवून, एक डुलकी काढून साडेचारला राधानगरला निघालात तर तुमच्या वाट्याला अंधार येईल. तिथे दिवस पहाटे पाचला सुरू करायचा.

छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूरहून कसं जायचं?

आपल्याकडून थेट विमान नाही. श्री विजय पुरमची विमानं हैदराबाद, चेन्नई, बंगळुरू, कोलकाता अशा शहरांतून सुटतात, आणि आपल्यासाठी हैदराबाद सगळ्यात सोयीचं. लातूर, उदगीर, नांदेड, परभणी, हिंगोली या सगळ्यांना मुंबई-पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ, तरी लोक सवयीनं मुंबईहून तिकीट काढतात आणि एक दिवस उलट्या दिशेनं प्रवास करतात. संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेडकरांना अजिंठा एक्स्प्रेस रात्रभरात हैदराबादला पोचवते. चिकलठाण्याहून विमानानं हैदराबादला जाऊन पुढचं विमान धरता येतं, पण दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगवर असतील तरच. वेगवेगळी काढली आणि पहिलं उशिरा आलं, तर दुसऱ्याचे पैसे गेले.

रेल्वेनं जाणार असाल तर त्याच दिवशीचं विमान धरू नका. गाडी दोन-तीन तास उशिरा येणं आपल्याला नवीन नाही. हैदराबादला एक रात्र थांबा, बिर्याणी खा, पहाटे शमशाबादचा विमानतळ गाठा.

चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजही जातं, पण ते तीन दिवसांच्या आसपास घेतं. ज्यांच्याकडे वेळ आहे आणि जहाजाची हौस आहे त्यांनीच विचार करावा. लेकरं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर नको.

एकूण किती दिवस, आणि आधी कोणतं बेट?

घरातून निघाल्यापासून परतेपर्यंत नऊ दिवस धरा, त्यात बेटांवर सहा-सात रात्री. पहिला दिवस श्री विजय पुरमला. दुपारी सेल्युलर जेल पाहा. सात बाजूंपैकी आज तीन उरल्या आहेत, पण कोठडीत उभं राहिल्यावर गाईडची गरज उरत नाही. बाबाराव आणि विनायक हे दोघे सावरकर बंधू इथे एकाच वेळी कैदेत होते. १९२१ मध्ये दोघांनाही इथून हलवलं. आईनं कोठडीच्या दाराचा तो भिंतीत आत खोल बसवलेला कडीकोयंडा हात लावून पाहिला आणि मग बराच वेळ बोलली नाही. संध्याकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रमही पाहावा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीनं स्वराज, तिथे दोन किंवा तीन रात्री. मग शहीद, तिथे दोन रात्री. आधी गजबज, नंतर शांतता हा क्रम मला बरा वाटतो. उलट केलंत तर शहीदची सवय झालेल्या माणसाला स्वराजचा बाजार अंगावर येतो.

आणि विमानाच्या आदल्या रात्री कोणत्याही परिस्थितीत श्री विजय पुरमला परत या. ही अट मोडू नका. वारा वाढला की बंदर खातं बोटी थांबवतं, आणि तुमचं विमान कोणासाठी थांबत नाही.

बोटीचं तिकीट तिथे जाऊन काढता येईल ना?

हंगामात नाही. दोन्ही बेटं श्री विजय पुरमपासून चाळीस किलोमीटरच्या आतबाहेर आहेत. खासगी वातानुकूलित बोटी दीड-दोन तासांत पोचवतात, सरकारी बोटीला थोडा जास्त वेळ लागतो पण भाडं खूपच कमी. सरकारी बोटीत आधी स्थानिक रहिवाशांची सोय पाहिली जाते, आणि ते योग्यच आहे. त्यांच्यासाठी ती आपली एसटी आहे. आपण खासगी बोटीचं तिकीट विमानाच्या पाठोपाठ काढून टाकावं. स्वराज ते शहीद हा टप्पा तासाभराचा.

बोटीत बसताना ओळखपत्र तपासतात, म्हणून प्रत्येकाचं आधार कार्ड मूळ प्रत घ्या, लेकरांचंसुद्धा. तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव सारखं ठेवा. आमच्या मावशीचं तिकिटावर माहेरचं नाव पडलं होतं आणि जेट्टीवर वीस मिनिटं सगळ्यांचा जीव टांगणीला लागला.

बोट लागते का?

ज्याला बालाघाटच्या घाटात एसटी लागते, त्याला लागू शकते. डॉक्टरांना विचारून गोळी आणा आणि निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या. बोट हलायला लागल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग होत नाही. रिकाम्या पोटी बसू नका, पोट फुटेस्तोवर खाऊनही बसू नका. मागच्या बाजूची, खालच्या मजल्यावरची जागा मागा, तिथे हेलकावे कमी. मोबाईल खाली ठेवा आणि लांब क्षितिजाकडे पाहा.

परवाना लागतो का?

भारतीय नागरिकांना या दोन बेटांसाठी वेगळा परवाना लागत नाही. आदिवासींच्या राखीव भागांची गोष्ट वेगळी. बाराटांगकडे जाणारा रस्ता जारवांच्या जंगलातून जातो. तिथे थांबणं, फोटो काढणं, त्यांना काही खायला देणं हा गुन्हा आहे, आणि १९५६ पासून त्यांच्या संरक्षणाचा कायदा आहे. "जारवा दाखवतो" असं म्हणणारा कोणी भेटला तर तिथूनच मागे फिरा. माणसं बघायला तिकीट काढून जाणं मला अजिबात पटत नाही.

आम्हाला पोहता येत नाही. मग तिथे जाऊन काय करायचं?

आम्हा पाच जणांपैकी एकालाच पोहता येत होतं, तेही विहिरीतलं. काही अडलं नाही.

पहिल्यांदा करायच्या स्कूबाला पोहता येण्याची अट नसते. प्रशिक्षक एकेका माणसाला धरून खाली नेतो, आधी उथळ पाण्यात तोंडानं श्वास घ्यायचा सराव करून घेतो. वय किमान दहा. आरोग्याचा फॉर्म भरून घेतात आणि तो खरा भरा: दमा, हृदयाचा त्रास, फिट, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण यांतलं काही असेल तर लपवू नका. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी उतरूच नका, कान फुटल्यासारखा दुखतो. माझ्या मुलीनं चौदाव्या वर्षी स्कूबा केलं. वर आल्यावर ती हसत होती की रडत होती ते पाण्यामुळे कळलं नाही.

स्कूबा आणि विमान यांत अंतर हवं. एकदाच डुबकी मारली असेल तर किमान १२ तास, जास्त वेळा मारली असेल तर १८ तास विमानात बसायचं नाही. खोल पाण्यात रक्तात विरघळलेला नायट्रोजन वर गेल्यावर बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडतो आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून स्कूबा स्वराजच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी उरका; सहलीच्या शेवटी ठेवू नका.

स्नॉर्केलिंगसाठी स्वराजचा एलिफंट बीच किंवा शहीदचा भरतपूर. लाइफ जॅकेट घालून, ट्यूब धरून पाण्यावर तरंगायचं आणि खाली पाहायचं. एलिफंट बीचला जेट्टीवरून छोट्या बोटीनं जातात, किंवा जंगलातून चालत, साधारण चाळीस मिनिटं. पाण्यात उतरायचंच नसेल त्यांच्यासाठी काचेच्या तळाची बोट आहे. पोवळ्यांबद्दल फार रंगीत कल्पना करून जाऊ नका. २०१० मध्ये समुद्र तापल्यामुळे अंदमानातली बरीच पोवळी पांढरी पडून मेली. किनाऱ्याजवळच्या भागांत ते अजून दिसतं. जी उरली आहेत ती जिवंत प्राणी आहेत. पाय टेकवायला दगड समजून त्यांच्यावर उभे राहू नका, गाईड उभा राहायला सांगत असेल तरी.

आणि अमावास्येच्या आसपास गेलात तर रात्री कयाकवर जा. पाण्यातले सूक्ष्म जीव हलवल्यावर चमकतात. वल्हं मारलं की निळसर ठिणग्या उडतात. पौर्णिमेला हे दिसत नाही, म्हणून तारीख ठरवताना कालनिर्णय उघडा.

तिथे मगरी आहेत असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, आणि २०१० मध्ये राधानगरजवळच्या खाडीच्या भागात स्नॉर्केलिंग करणारी एक पर्यटक मगरीच्या हल्ल्यात दगावली होती. घाबरून जाणं रद्द करण्याचं कारण नाही, पण पाटी लावलेल्या जागी, खाडीच्या तोंडाशी, तिवरांच्या झाडीजवळ आणि अंधार पडल्यावर पाण्यात जायचं नाही. जीवरक्षक शिट्टी वाजवतो तेव्हा बाहेर यायचं. आपली माणसं "अजून दोन मिनिटं" म्हणत थांबतात. ते इथे नको.

याहून जास्त त्रास वाळूतल्या बारीक माश्यांचा होतो. चावा तेव्हा जाणवत नाही, दुसऱ्या दिवशी खाजून खाजून हैराण होतं. थेट वाळूवर झोपू नका, पायाला खोबरेल तेल चोळून बसा.

आई-वडील सत्तरीचे आहेत. झेपेल का?

झेपेल, बेत त्यांच्या पायानं आखला तर. राधानगर त्यांच्यासाठी उत्तम: सावलीला झाडं, बसायला जागा, कपडे बदलायची सोय. शहीदवर भरतपूरचा किनारा जेट्टीला लागूनच आहे.

अडचण आहे ती शहीदच्या नैसर्गिक पुलाची. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर समुद्रानं कोरून काढलेली ती खडकाची कमान पाहायला ओहोटीतच जावं लागतं, आणि वाट ओल्या, निसरड्या, टोकदार खडकांवरून जाते. गुडघेदुखी असेल तर त्यांना वरच सावलीत नारळपाणी घेऊन बसवा. बाकीच्यांनी पकड असलेले बूट घाला. चपलेत गेलेला माणूस तिथे पडतोच. ओहोटीची वेळ आदल्या दिवशी हॉटेलात विचारा. ती रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून काल गेलेल्या पाहुण्याची वेळ तुम्हाला चालणार नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त मागे हटतं, तेव्हा खडकांतल्या डबक्यांत खेकडे, तारामासे, समुद्रकाकड्या दिसतात. आमचं तिथे ठरवलेल्यापेक्षा दुप्पट वेळ मन रमलं. एका डबक्यात किती जीव मावतात हे लेकरांना पुस्तकात शिकवता येत नाही.

शहीदच्या किनाऱ्यांची नावं ऐकून आईला फार बरं वाटलं: भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर. सूर्योदय सीतापूरला, सूर्यास्त लक्ष्मणपूरला.

औषधं घरूनच पूर्ण मोजून न्या, चार दिवसांची जादा. दोन्ही बेटांवर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे; मोठं सरकारी रुग्णालय, जी. बी. पंत, श्री विजय पुरमला आहे, म्हणजे मध्ये समुद्र आहे. हृदयाचा ताजा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

शाकाहारी जेवण मिळतं का? भाकरी?

शाकाहारी मिळतं, भाकरी नाही. बंगाली पद्धतीचा वरणभात, बटाट्याची भाजी, वांग्याचे काप, पोळी सगळीकडे मिळते. शहीदवर भाजी ताजी, कारण ती शेजारच्या वावरातली. माळकरी मंडळींनी हॉटेल ठरवतानाच भांडी वेगळी ठेवतात का हे विचारावं, कारण मासे तिथलं रोजचं अन्न आहे.

दुधातल्या दशम्या आणि धपाटे प्रवासाचे पहिले दोन दिवस काढतात. पुढे दमट हवेत बुरशी धरते, तेव्हा साठवून ठेवू नका. शेंगदाण्याची चटणी आणि जवसाची चटणी मात्र शेवटपर्यंत साथ देते. ती सामानात टाका, हातातल्या पिशवीत नको. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बरोबर घेऊ नका. त्यात तेल असल्यामुळे विमान कंपन्या त्या काढून ठेवतात.

मासे खाणाऱ्यांना काही सांगायला नको.

पॅकेज घ्यावं की स्वतः ठरवावं?

ज्याला मोबाईलवर रेल्वेचं तिकीट काढता येतं त्याला हे सगळं जमतं. तरी मोठं कुटुंब असेल, घरी करणारं कोणी नसेल, तर पॅकेज घ्या, पण चार गोष्टी लेखी घ्या. हॉटेलांची नावं ("किंवा तत्सम" या दोन शब्दांत सगळा खेळ असतो). बोट सरकारी की खासगी. स्वराज आणि शहीदवर प्रत्येकी किती रात्री. आणि हवामानामुळे बोट रद्द झाली तर जादा मुक्कामाचा खर्च कोणाचा.

हे मी पोळल्यामुळे सांगतो. पहिल्यांदा आम्ही एका एजंटला पैसे दिले होते. कागदावर 'नील आयलंड' छापलेलं होतं. प्रत्यक्षात सकाळी उतरवलं, तीन तासांत तीन किनारे दाखवले आणि पुन्हा बोटीत बसवलं. वडील जेट्टीवर मागे वळून वळून त्या भाताच्या खाचरांकडे पाहत होते. दोन वर्षांनी आम्ही सगळं स्वतः ठरवून पुन्हा गेलो, ते त्यांच्यासाठी. तो बांधावरचा प्रसंग या दुसऱ्या खेपेचा.

खर्चात सगळ्यात मोठा भाग विमानाचा. तो तीन महिने आधी तिकीट काढून वाचवा. मुक्कामावर वाचवायचं असेल तर शहीदवर वाचवा, तिथल्या साध्या झोपड्याही स्वच्छ असतात. बोटीवर वाचवू नका.

मोबाईल, एटीएम?

२०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल टाकल्यापासून परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, आणि ती केबल स्वराजपर्यंतही पोचते. तरी वारा-पाऊस झाला की नेटवर्क जातं आणि यूपीआय अडकतं. श्री विजय पुरमहून निघतानाच तीन-चार दिवसांची रोकड काढून ठेवा. तिकिटांचे आणि हॉटेलचे कागद छापून घ्या.

भाषेची अडचण नाही. घरात बंगाली बोलणारी माणसं बाहेर हिंदीत बोलतात, आणि आपली मराठवाडी हिंदी त्यांना कळते.

पाण्याचं काय? बेटावर पाणी भरपूर असेल ना?

हा प्रश्न कोणी विचारत नाही, मीच सांगतो. चहूकडे समुद्र आहे, पण पिण्याचं पाणी पावसाचंच. लहान बेटावर ते साठवायला नदी नाही, धरण नाही. झरे, विहिरी आणि टाक्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे नेमकं पर्यटक जास्त असताना, पाणी कमी पडायला लागतं. लातूरला २०१६ साली रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते आपण पाहिलं आहे. टँकरच्या मागे घागरी घेऊन धावलेली माणसं आपण. तिथे जाऊन शॉवर अर्धा तास सोडून ठेवायचा नाही. चादरी-टॉवेल रोज धुवायला देऊ नका. पाण्याची बाटली घरून न्या आणि हॉटेलात भरून घ्या, म्हणजे प्लॅस्टिकही कमी होतं. बेटावर टाकलेली बाटली बेटावरच राहते.

येताना काय आणावं? लेकरं शंख-शिंपले मागतील.

किनाऱ्यावरून काहीही उचलू नका. शिंपला नाही, पोवळ्याचा तुकडा नाही, बाटलीभर वाळूसुद्धा नाही. पोवळी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, आणि विमानतळावर सामान तपासताना ती काढून घेतात, प्रकरण दंडापर्यंत जाऊ शकतं. आमच्या पुढच्या रांगेत एका लहान मुलाच्या दप्तरातून दोन तुकडे निघाले. त्याच्या आई-वडिलांना त्याचा पत्ताही नव्हता. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री लेकरांचे खिसे आणि दप्तरं तुम्हीच उलटी करून पाहा. रिकामा शंख वाटतो त्यात बहुधा एखादा खेकडा घर करून राहिलेला असतो, हे त्यांना किनाऱ्यावरच दाखवलंत तर ती स्वतःच परत ठेवतात.

शंख हवाच असेल तर श्री विजय पुरमच्या सागरिका या सरकारी दुकानातून घ्या आणि पावती विमानतळापर्यंत हाताशी ठेवा. आम्ही पडौकाच्या लाकडाची एक पळी आणली. आई तीच वापरते वरण ढवळायला.